चॉकलेटचा न फोडलेला डबा

"आज काय केलंस?"

तिहोमिर हा प्रश्न रोज संध्याकाळी विचारायचा. त्यात खोच नसायची की चौकशी. लेकीला, बिल्यानाला, पाळणाघरातून आणायचं, दारात तिचे बूट उतरवायचे आणि उतरवता उतरवता बायकोला हे विचारायचं, अशी त्याला सवयच लागली होती. सात आठवड्यांपूर्वीपर्यंत क्रेमेनाकडे उत्तर असायचं. एकच बस थांब्याच्या पाटीवर दोनदा दिसत होती, ती चूक सापडली. उन्हात अक्षरं वाचता येत नव्हती, ती मोठी केली. उत्तर छोटं असलं तरी ठोस असायचं, हातात धरून दाखवता येईल असं.

आता ती म्हणायची, "बोलले."

"कोणाशी?"

"सगळ्यांशी."

"मग? काय ठरलं?"

"उद्या परत बोलायचं ठरलं."

तिहोमिर हसायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची लिफ्ट संध्याकाळी एक तर वर जायची, नाही तर नाही. तिसरं काही नसायचं. "झकास नोकरी आहे," तो म्हणायचा. "माझ्या आईलाही लाव तिथे. ती हे काम चाळीस वर्षं फुकटात करतेय."

क्रेमेनाही हसायची, आणि मग बिल्यानाच्या कपाळाला हात लावून बघायची. ताप नसायचा. तरी बघायची.

ऑफिसात तिच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात चॉकलेटचा एक डबा होता. मोठा, चपटा, लाल फीत बांधलेला. टीमप्रमुख झाल्याचं कळलं त्याच दिवशी दुपारी जाऊन तिने तो आणला होता, आणि त्या दिवसापासून तो तिथेच पडून होता.

खरं तर अशा बाबतीत प्लोवदिव शहरात कोणाला काही शिकवावं लागत नाही. चांगलं झालं की वाटायचं. गाडी घेतली, वाटा. पोराला पहिला दात आला, वाटा. टीममधल्या झोर्नित्साला घटस्फोट मिळाला तेव्हा तिने सगळ्यांना पिस्त्याची चॉकलेटं वाटली होती. घेणाऱ्याने आधी विचारायचं, "कशाबद्दल?" वाटणाऱ्याने स्पष्ट सांगायचं. मग घेणाऱ्याने शुभ बोलायचं आणि तोंडात टाकायचं. कारण न सांगता कोणी वाटत नाही, न विचारता कोणी खात नाही.

क्रेमेनाला नेमकं ते कारण तोंडाने सांगायचं नव्हतं. बिल्यानाच्या वेळी नववा महिना भरत आला तरी तिने घरात बाळाचा एक मोजासुद्धा आणू दिला नव्हता. आधी येऊ दे, मग आणू. हेही तसंच होतं. दिलेलं पद पक्कं थोडंच होतं? तिच्या वरिष्ठ त्सोन्चेवाबाईंनी तिला बोलावून सांगितलं होतं, "दोन महिने करून बघ. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी मला सांग, प्रमुख राहतेस की परत कोड लिहायला जातेस. मला दोन्ही चालेल. अधांतरी लोंबकळलेलं चालणार नाही." आज चॉकलेटं वाटायची आणि दोन महिन्यांनी आपल्याच जुन्या खुर्चीत येऊन बसायचं? लोकांच्या तोंडात चव असेपर्यंतच? त्यापेक्षा डबा खणात बरा होता.

दुसरी अडचण लचेझारची होती.

लचेझार पन्नाशीचा, ढगळ स्वेटरमधला, सावकाश बोलणारा माणूस. टीममधले बाकीचे चौघेही त्याला लचोदादा म्हणायचे. क्रेमेना कॉलेजातून नवी नवी आली तेव्हा त्यानेच तिला शेजारी बसवून घेतलं होतं. "कोड मशीनसाठी लिहायचा नसतो पोरी, मशीन काहीही गिळतं. तुझ्यानंतर येणाऱ्या माणसासाठी लिहायचा," हे तिने त्याच्याकडून ऐकलं होतं. ती बाळंतपणाच्या रजेवर होती ती दोन वर्षं टीमचा गाडा त्यानेच ओढला. ती परत आली तेव्हा सगळे धरून चालले होते की प्रमुख लचोदादाच होणार. आणि झाली ती. का, ते तिला विचारायचं धाडस झालं नव्हतं. लचोदादाने तिचा हात हातात घेऊन "अभिनंदन, क्रेमेना" म्हटलं होतं आणि मग तो थोडा वेळ तसाच उभा राहिला होता. आता तिला वाटायचं, तो डब्याचीच वाट बघत असणार.

टीमचं काम म्हणजे समुद्राकाठच्या एका गावातल्या बसथांब्यांवरच्या पाट्या. कितवी बस किती मिनिटांत येणार, ते त्या पाटीवर दिसायचं. अकरा मार्ग होते. दहा सुरळीत चालले होते. सहा नंबरची बस, जी बंदरापाशी कोळ्यांच्या वस्तीत जाऊन परत फिरायची, तिची मिनिटं काही केल्या जुळत नव्हती. चाचणीत पाटी म्हणायची चार, आणि बस यायची पंधरा मिनिटांनी; म्हणून थांब्यांवर तिची जागा कोरीच ठेवली होती. हे काम लचोदादाकडे होतं आणि पाच आठवडे त्याच्याकडेच होतं.

क्रेमेना आपल्या टेबलापुढच्या काचेआडून बघायची. रोज अकराच्या सुमारास लचोदादाच्या टेबलावरचा फोन वाजायचा आणि तो अर्धा अर्धा तास बोलत बसायचा. टोमॅटोबद्दल बोलायचा. कोणाच्या तरी गुडघ्याबद्दल. "अगं, मग त्याला सांग ना, द्राक्षं या वर्षी लवकर काढ म्हणून," असं म्हणून खो खो हसायचा. त्सोन्चेवाबाई दारातून जाताना थबकायच्या आणि क्रेमेनाकडे बघायच्या. त्या बघण्याचं काय करायचं ते क्रेमेनाला कळायचं नाही. आपण जाऊन सांगायचं का, "लचोदादा, फोन आवरा"? ज्याने आपल्याला बोट धरून शिकवलं त्याला? आणि नाही सांगितलं तर मग आपण प्रमुख कशाच्या?

एकदा ती चहाचा कप घेऊन त्याच्या टेबलापाशी गेली.

"लचोदादा, सहाचं कुठवर आलंय?"

"येतंय."

"म्हणजे... काही मदत लागली तर..."

"येतंय गं," तो म्हणाला आणि त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. आणखी काही विचारशील का, असं ते बघणं होतं. निदान नंतर तिला तसं वाटलं. त्या वेळी ती "बरं, बरं" म्हणून कप तसाच घेऊन परत आली. चहा तिने आणला होता त्याच्यासाठी, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तो गार झाला होता.

मग तो शनिवार आला. सासूबाई खालच्या अंगणात मिरच्या भाजत होत्या. सगळ्या इमारतींमधून, सगळ्या बाल्कन्यांमधून तोच वास येत होता. तिहोमिर त्यांना सोलायला मदत करायला गेला होता. बिल्याना दुपारची झोपली, डाव्या कुशीवर, अंगठा तोंडात. क्रेमेनाने तिचा श्वास ऐकला, खिडकी अर्धी लोटली आणि संगणक मांडीवर घेतला. फक्त बघू म्हणून. घोडं कुठे पेंड खातंय तेवढं बघू.

तिचे हात शिवशिवत होते. सात आठवडे त्यांनी पत्रांच्या उत्तरांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. तिने रस्त्याची लांबी घेतली, चढ घेतला, मधले थांबे घेतले, मागच्या वर्षभराच्या वेळा ओतल्या आणि नवीन हिशेब बांधला. तीन तास बिल्याना झोपली. असं ती कधीच झोपत नाही. क्रेमेनाने मध्ये दोनदा उठून तिच्या नाकाखाली बोट धरून बघितलं. तिसऱ्या तासाला आकडे जुळले. तपासलं, परत जुळले. लचोदादाचं अर्धवट लिहिलेलं तिने बाजूला सारलं आणि आपलं त्या जागी लावलं. रविवारी सकाळपासून पाट्यांवर तेच धावणार होतं.

"आज काय केलंस?" तिहोमिरने विचारलं. त्याच्या बोटांना भाजलेल्या मिरचीची काळी सालं चिकटली होती.

"सहा नंबरची बस सरळ केली," ती म्हणाली, आणि किती तरी दिवसांनी भाकरीच्या तुकड्याने अख्खी ताटली पुसून खाल्ली.

सोमवारी लचोदादाने संगणक उघडला. क्रेमेना काचेआडून बघत होती. त्याने वाचलं. पान वर नेलं, खाली आणलं, परत वर नेलं. मग चष्मा काढून स्वेटरला पुसला.

ती उठून त्याच्यापाशी गेली. "मी जरा... शनिवारी वेळ होता म्हणून."

"चालतंय?"

"चालतंय."

"छान लिहिलंयस," तो म्हणाला. "वाचता येतंय." त्याने ती फाइल बंद केली. अकरा वाजता फोन वाजला. त्याने तो उचलला नाही. मंगळवारीही वाजला. मंगळवारीही उचलला नाही.

झोर्नित्सा टीममध्ये तपासणीचं काम करायची. सगळ्यांच्या चुका काढायचा पगार मिळतो म्हणून ती घरीही तेच करते, असं तिचा आधीचा नवरा म्हणायचा. तिने क्रेमेनाला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं.

"माणूस जेवत असताना त्याच्या पुढचं ताट उचललंस तू."

"पाच आठवडे जेवत होता तो, झोर्ने!"

"मग विचारायचंस, दात दुखतोय का म्हणून."

"विचारलं मी."

"काय विचारलंस? कुठवर आलं? ते तर माझी आई चीजची बानित्सा भट्टीत असतानाही विचारते." झोर्नित्साने कपात साखर टाकली. "आणि ऐक, डब्याचं काय करणार आहेस? आम्हांला माहीत आहे हं, खणात आहे ते. सफाईवाल्या बाईने सांगितलं. लोक म्हणतात, आम्हांला वाटायची हिला लाज वाटते."

"लाज? अगं, उलट..."

"उलट काय?"

तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला. बिल्यानाला ताप वगैरे नव्हता, फक्त तिने दुसऱ्या मुलाची टोपी सोडायला नकार दिला होता. क्रेमेना पाच मिनिटं फोनवर टोपीबद्दल बोलली. काचेपलीकडून त्सोन्चेवाबाई बघत होत्या.

बुधवारी दुपारी लचोदादाने तिच्या टेबलावर एक कागद ठेवला. वरच्या मजल्यावर बँकेचं काम करणारी टीम होती. तिकडे बदली मिळावी असा दोन ओळींचा अर्ज. खाली त्याची सही, आणि त्याच्याखाली मोकळी जागा.

"इथे टीमप्रमुखाची सही लागते," तो म्हणाला.

"लचोदादा, हे शनिवारवरून असेल तर..."

"शनिवारवरून नाही. माझं इथलं काम संपलंय, एवढंच. शुक्रवारपर्यंत वर द्यायचाय." तो वळला, मग थांबला. "प्रमुख तूच ना? का अजून ठरलं नाही?"

हे टोचून म्हटलं होतं की खरंच विचारलं होतं? बुधवारची संध्याकाळ ती हेच उलगडत बसली. सही केली तर पहिल्यांदाच असं काही केल्यासारखं होणार होतं जे फक्त प्रमुखालाच करता येतं, आणि ते म्हणजे लचोदादाला घालवणं. नाही केली तर एका माणसाला त्याच्या मनाविरुद्ध अडकवणं. आणि शुक्रवारी त्सोन्चेवाबाईंना काय सांगायचं? प्रमुख राहते म्हणून? कोणाची प्रमुख?

"सोपं आहे," तिहोमिर म्हणाला. "त्याला हवंय काय ते विचार."

"विचारलं तर सांगत नाही."

"मग तू चुकीच्या मजल्यावर थांबलीयस."

"लिफ्टचे विनोद नको रे आत्ता."

"विनोद नाही. खरंच लोक बटण दाबतात, दार उघडतं आणि आपल्याला कुठे जायचं होतं तेच विसरतात." तो बिल्यानाला घेऊन आंघोळ घालायला गेला. पाणी फार गरम नाही ना, हे क्रेमेनाने दोनदा ओरडून विचारलं.

गुरुवारी लचोदादा दातांच्या डॉक्टरकडे गेला होता. झोर्नित्साने दाताची थट्टा केली होती ती खरी निघाली म्हणून ती अर्धा दिवस स्वतःवरच खूश होती. अकरा वाजता त्याच्या टेबलावरचा फोन वाजायला लागला. थांबला. परत वाजला. तिसऱ्या खेपेला क्रेमेनाने जाऊन उचलला.

"लच्या! मेलास का जिवंत आहेस?" पलीकडून बाईचा भसाडा आवाज आला. मागे इंजिनांची घरघर होती. "चार दिवस फोन करतेय!"

"लचेझार आज बाहेर गेलेत. मी क्रेमेना. त्यांची... मी टीमप्रमुख आहे."

"अच्छा! ती तू! मी स्तांका. डेपोतून बसगाड्या मी सोडते, अठ्ठावीस वर्षं. मावशी म्हण, सगळे म्हणतात. बरं झालं सापडलीस. काय करून ठेवलंय गं तुम्ही सहाच्या पाटीवर?"

"का? चालत नाहीये?"

"चालतंय की! चार मिनिटं, चार मिनिटं, चार मिनिटं, असं दहा मिनिटं चालतंय! काल एका म्हातारीने आमच्या पेत्को ड्रायव्हरच्या बसवर भोपळी मिरच्यांची पिशवी आपटली. म्हणाली, तुम्ही कॉफी पिताय आणि वर खोटं बोलताय."

"कॉफी?"

पलीकडे मावशीने कोणाला तरी इंजिन बंद करायला सांगितलं.

"लच्याने तुला सांगितलं नाही?"

"नाही. म्हणजे... मी विचारलं नाही, मावशी."

मग स्तांकामावशीने सांगितलं. कोळ्यांच्या वस्तीत शेवटच्या थांब्यावर मिंचोची टपरी आहे. सहा नंबरचे सहाही ड्रायव्हर तिथे उतरून कॉफी पितात. त्यांच्या बापांनीही प्यायली. वेळापत्रकात त्याला तीन मिनिटं आहेत, पण कॉफी काय तीन मिनिटांची असते? पेत्कोची सात मिनिटांची. वास्को सिगारेट संपली की निघतो. वस्तीतल्या सगळ्यांना ते माहीत आहे. ते ड्रायव्हरच्या कपाकडे बघून थांब्यावर येतात. पाटीलाच तेवढं माहीत नाही.

"हे लिहून पाठवलं तर नगरपालिका कॉफी बंद करेल," मावशी म्हणाली. "ते लच्याला नको होतं. तो म्हणाला, स्तांके, एक बटण बसवू. ड्रायव्हर कप ठेवून निघाला की दाबेल, पाटी तेव्हापासून मोजेल. तोवर पाटी गप्प. पण बटण दाबायला माणसं तयार पाहिजेत ना! त्यांना वाटलं हेरगिरी आहे. मग लच्या एकेकाला पटवत बसला. वास्कोला टोमॅटोची रोपं पाठवली. दुसऱ्याच्या गुडघ्यासाठी डॉक्टर शोधून दिला. चार जण तयार झाले होते. पेत्को पाचवा, तोही वळत आला होता. सहावा पेत्कोचा मेहुणा, तो पेत्को म्हणेल ते करतो. या सोमवारी हो म्हणणार होता बघ! आणि सोमवारी त्याच्या डोक्यावर तुमचं ते चार मिनिटं. आता म्हणतो, माझ्या डोक्यावर खोटं लावणाऱ्यांसाठी मी बोटसुद्धा उचलणार नाही."

क्रेमेना लचोदादाच्या खुर्चीत बसली होती. खुर्ची तिच्या मानाने खूप खाली होती. टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी होती, ती रोज तिकडून जाताना तिला दिसायची आणि ती खरेदीची यादी समजायची. वास्को, खूण. आणखी तीन नावं, खुणा. पेत्को, प्रश्नचिन्ह. पेत्कोचा मेहुणा, प्रश्नचिन्ह.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय, मावशी."

"आवाज तरुण आहे तुझा. पोरंबाळं?"

"एक मुलगी. दोन वर्षांची."

"जगो वाढो. आणि नवी प्रमुख ना तू? वाटलंस की नाही लोकांना?"

"अजून नाही," क्रेमेना म्हणाली.

"अगं बाई," स्तांकामावशी खरोखरच वाईट वाटल्यासारखी म्हणाली.

शुक्रवारी क्रेमेना सगळ्यांच्या आधी आली. रस्त्यात तिने काय काय ठरवलं होतं ते लिफ्टमध्येच विसरायला झालं. लचोदादा इतके दिवस माणसांना पटवत होता, आणि ती, जिचं ते काम होतं म्हणतात, घरी बसून त्याचं काम करत होती. एवढं तिला दिसत होतं. पण मग आता तिने काय करायचं? पेत्कोला फोन? माफी? लचोदादालाच जाऊन सांगायचं का, की तुम्हीच प्रमुख व्हा? ते खरं प्रामाणिक होईल की पळ काढणं होईल? तिच्या डोक्याला नुसता भुंगा लागला होता.

शेवटी तिने जे नक्की चुकलेलं होतं तेवढंच हातात घेतलं. शनिवारचा आपला कोड उघडला. तो सुंदर होता, हे तिला आताही वाटलं. लचोदादाने म्हटल्याप्रमाणे वाचता येत होता. तिने तो काढून टाकला आणि त्याचं अर्धवट लिहिलेलं जिथल्या तिथे ठेवलं. समुद्राकाठी सहा नंबरच्या पुढची जागा परत कोरी झाली. सात आठवड्यांत तिने एकच गोष्ट बनवली होती, आणि आता तीही नव्हती.

साडेनवाला त्सोन्चेवाबाई आल्या. "सहा परत कोरी का दिसतेय?"

"कारण बस कधी येणार ते आपल्याला माहीत नाही. रविवारपासून आपण माहीत असल्याचं दाखवत होतो."

"कोणाची चूक?"

"माझी," क्रेमेना म्हणाली. आवाज बरा निघाला. "लचेझारचं काम बरोबर चाललं होतं. मी न विचारता मध्ये हात घातला. नीट व्हायला आणखी दोन आठवडे लागतील. तीनही."

"दोन की तीन?"

"ते एका माणसाच्या मनावर आहे. मला नाही सांगता येणार."

त्सोन्चेवाबाईंनी हातातल्या वहीत काही तरी लिहिलं. रागावल्या होत्या की काय, ते क्रेमेनाला समजलं नाही. "आणि माझा दुसरा प्रश्न? आज शुक्रवार आहे."

"संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली.

लचोदादा आला तो एक गाल सुजवून. कोट काढायच्या आधीच त्याने संगणकावर बघितलं आणि मग क्रेमेनाच्या टेबलापाशी आला. बदलीचा अर्ज तिथेच होता. सहीची जागा मोकळी.

"काढलंस?"

"काढलं. काल स्तांकामावशीचा फोन आला होता. पेत्को म्हणतो, खोटं लावणाऱ्यांसाठी बोटसुद्धा उचलणार नाही."

"हं." सुजलेल्या गालामुळे त्याचं बोलणं बोबडं येत होतं. "म्हणजे कॉफीचं कळलं."

"मला का नाही सांगितलंत, लचोदादा?"

"तू कुठे विचारलंस? तू विचारलंस कुठवर आलं. मी सांगितलं येतंय." त्याने कोट काढून हातावर घेतला. "आणि खरं सांगू? थोडं मुद्दामच नाही सांगितलं. म्हटलं, बघू, बसते का शेजारी येऊन. आधी बसायचीस."

क्रेमेनाने अर्जाचा कोपरा सरळ केला. "मला वाटलं, आता बसले तर पहारा केल्यासारखं दिसेल."

"दिसलं असतं थोडंसं," त्याने मान्य केलं.

"हा अर्ज," ती म्हणाली, "मी फाडणार नाही. तुमचा आहे. पण तुमच्याशिवाय पेत्को बटण दाबणार नाही. पेत्कोचं हो येईपर्यंत थांबा. त्यानंतर हाच कागद परत आणलात तर मी सही करीन."

"हा हुकूम आहे का विनंती?"

"मला नाही माहीत. तुम्हीच सांगा, कसा वाटला?"

लचोदादा हसला, आणि हसताना दात दुखला म्हणून गाल धरून "आई गं" म्हणाला. ते ऐकून झोर्नित्सा आणि उरलेले दोघेही वळून बघायला लागले. आता सगळे बघतच आहेत, तर आणखी काय लपवायचं? क्रेमेनाने वाकून खालचा खण ओढला आणि डबा टेबलावर ठेवला. लाल फीत सुटेना. तिने ती दातांनी तोडली.

"अगं बाई, उगवला!" झोर्नित्सा धावत आली. तिने झाकण उचललं. उन्हाळाभर खणात राहून चॉकलेटांवर पांढरट थर चढला होता. "बघा, बघा! वाट बघून बघून बिचाऱ्यांचे केस पिकले!"

"खराब नाहीयेत," क्रेमेना घाईघाईने म्हणाली. "मी वाचलंय. नुसता रंग जातो. काही होत नाही खाल्लं तर."

कोणीच हात पुढे केला नाही. रीत सगळ्यांना माहीत होती. सगळे लचोदादाकडे बघत होते, कारण वयाने तो मोठा. तो डब्याकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"कशाबद्दल?" त्याने विचारलं.

सात आठवडे तिने हे वाक्य टाळलं होतं. आताही ते खरं आहे की नाही, याची तिला खात्री नव्हती. टाकून दिलेल्या कोडबद्दल वाटतेय, म्हणावं का? थांबा म्हटल्याबद्दल?

"टीमप्रमुख झाले म्हणून," ती म्हणाली. शेवटी आवाज असा वर गेला की ते विचारल्यासारखंच वाटलं.

"बरं," लचोदादा म्हणाला. त्याने मधलं, सगळ्यात पांढरं चॉकलेट उचललं. "हातून चांगलं होवो. आणि आम्हांला सांगत जा, आम्ही तुला सांगत जाऊ." तोंडात टाकून त्याने ते न दुखणाऱ्या बाजूला सरकवलं. मग आणखी एक उचलून कागदाच्या रुमालात गुंडाळलं. "हे पेत्कोचं. सोमवारच्या बसने पाठवतो. खोटं लावणाऱ्यांकडून." बदलीचा अर्जही त्याने उचलला, चार घड्या घातल्या आणि रुमालाशेजारी स्वेटरच्या खिशात ठेवला. फाडला नाही. क्रेमेनाने नीट बघितलं, फाडला नाही.

मग सगळ्यांचे हात आले. कोणी म्हणालं पगार वाढो, कोणी म्हणालं डोकं शाबूत राहो. गलका ऐकून त्सोन्चेवाबाई दारात आल्या, "कशाबद्दल?" म्हणाल्या, आणि झोर्नित्साने परस्पर सांगून टाकलं. त्यांनी एक चॉकलेट घेतलं, तोंडात टाकलं आणि त्या चघळत चघळत म्हणाल्या, "मग संध्याकाळपर्यंत कशाला थांबायचं? झालं की उत्तर." आणि गेल्यासुद्धा. क्रेमेना रिकामं झाकण हातात धरून उभी राहिली. तिने उत्तर दिलं होतं, आणि ते देताना तिचं लक्षच नव्हतं.

अकरा वाजता फोन वाजला. लचोदादाने उचलला.

"स्तांके, मेलो नाही, दात काढला. आधी मला सांग, पेत्कोचा मूड कसा आहे? हं... हं... आणि त्याच्या द्राक्षांचं काय झालं?"

क्रेमेनाने आपली खुर्ची उचलली आणि त्याच्या शेजारी नेऊन ठेवली. त्याने फोन जरासा कानापासून लांब धरला, तिलाही ऐकू यावं असा. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. द्राक्षं चालू होती. हे काम मोजायचं की गप्पा, हे तिला अजूनही ठरवता येत नव्हतं. पण आठवड्याचा अहवाल दुपारी पाठवायचा होता. तिने वही गुडघ्यावर घेतली, सहा नंबरपुढे पेन टेकवलं, थोडा विचार केला आणि लिहिलं: बोलणं चालू आहे.